डाळ मिलमधली येळवस

येडशीच्या डाळ मिलमध्ये देखभालीचं वेळापत्रक पूर्वीपासून आभाळात लावलेलं होतं. अमावस्या आली की मिल बंद. बंडप्पा शेटच्या वडिलांनीच तशी रीत घालून दिली होती. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, आणि चालवायचं नाही म्हणून उघडायचं. डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बेअरिंगांना ग्रीस, पट्ट्यांना ताण, चाळण्यांची झाडझूड, शेवटी नारळ, आणि मोठ्या मोटरीवर नवं लिंबू-मिरची. हे कुणाला लक्षात ठेवावं लागत नसे. चंद्र दिसेनासा झाला की मिस्त्री शंभुलिंग पाने-पक्कड घेऊन हजर होई. चंद्राने इतक्या वर्षांत एकदाही 'सर्व्हर डाऊन आहे' असं कळवलं नव्हतं.

मग शेटची मुलगी शिवरंजनी पुण्याहून शिकून आली. येताना तिने डाळ पाकिटात भरून विकणारी एक मोठी कंपनी गिऱ्हाईक म्हणून आणली. कंपनीची अट एकच होती. मिलची सगळी देखभाल सॉफ्टवेअरने लावून दिली पाहिजे आणि ती कंपनीला तिच्या जागेवरून दिसली पाहिजे. सॉफ्टवेअर बसवायला एक इंजिनियर आला. त्याने शंभुलिंगाला समोर बसवलं.

"हे काम किती दिवसांनी करता?"

"अमावस्येला."

"म्हणजे दर तीस दिवसांनी."

"तीस न्हाय. अमावस्येला."

"तेच ते," असं म्हणून त्याने तीस लिहिले. शंभुलिंगाने वाद घातला नाही. त्याला वाटलं, पुण्यात येत असेल तीस दिवसांनी. मोठं शहर आहे, तिथलं सगळं ठरल्या वेळेवर असतं.

"आता क्रमाने सांगा, काय काय करता. काही सोडू नका."

शंभुलिंगाने काही सोडलं नाही, आणि इंजिनियरनेही काही सोडलं नाही. त्यामुळे यादीत बेअरिंगला ग्रीस लावणे आणि पट्टा ताणणे याखाली 'नारळ फोडणे' आणि 'लिंबू-मिरची बदलणे' हीही कामं गेली. प्रत्येकापुढे लिहिलं होतं: फोटो सक्तीचा.

"जबाबदार व्यक्ती कोण?"

"म्याच."

"आणि मंजुरी देणारी?"

"ते बी म्याच. दुसरं हाय कोण?"

दोन्ही रकान्यांत शंभुलिंग हत्ते हे नाव पडलं. एका दिवसात दोन पदं मिळाल्याच्या आनंदात त्याने फिटर मुनवरला महामार्गावरच्या टपरीत चहा पाजला.

शेवटी मिलची हद्द आखायची होती. हद्दीबाहेरून कुणी काम केल्याचं दाखवू नये, म्हणून सॉफ्टवेअर फोनची जागा तपासत असे. इंजिनियर खुर्चीतून उठला नाही. त्याने नकाशावर बोटाने एक गोल ओढला. त्या गोलात मिल आली, मिलमागचं शेटचं ज्वारीचं रान आलं, रानातली विहीर आली आणि चहाची टपरीही आली.

पहिल्या महिन्यापासून मिलमध्ये दोन देखभाली सुरू झाल्या. एक अमावस्येची, कारण शेट ऐकायला तयार नव्हते. एक फोनची, कारण शिवरंजनी ऐकायला तयार नव्हती. फोन टुंग करून वाजायचा आणि पडद्यावर वर्क ऑर्डर यायची. मुनवर तिला हुकूम म्हणत असे. हुकूम वेळेत झाला की चौकोन हिरवा, राहिला की लाल, पुढे ढकलला की नारंगी. नारंगी म्हणजे लाजलेला लाल, असं शिवरंजनीने सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

फोटोत ग्रीस गन बेअरिंगला लावलेली दिसली पाहिजे आणि ग्रीस बाहेर आलेलं दिसलं पाहिजे, असा नियम होता. अमावस्येला भरलेल्या बेअरिंगमध्ये हुकुमाचं ग्रीस पुन्हा भरलं जाऊ लागलं.

"आप्पा, लई होतंय का?" मुनवरने एकदा विचारलं.

"ग्रीस हाय ते. तुपासारखं. जास्ती झाल्यानं कुणाचं वाईट झालंय?" शंभुलिंग म्हणाला.

तूप पुरणपोळीवर ओतायचं असतं, बंद डब्यात कोंबायचं नसतं, हा फरक दोघांच्याही लक्षात आला नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी एलिव्हेटरचं वरचं बेअरिंग ग्रीसमध्ये गुदमरून तापलं, धुरकटलं आणि जाम झालं. मिल बंद पडली. त्या वेळी सॉफ्टवेअरमध्ये मिल पूर्ण हिरवी होती. शिवरंजनीने बिघाडाची नोंद केली. सॉफ्टवेअरने त्यावर विचार केला आणि स्वतःहून उपाय सुचवला: या बेअरिंगला अधिक वेळा ग्रीस द्यावं. तेव्हापासून तो हुकूम दर आठवड्याला येऊ लागला. मुनवर त्या बेअरिंगला सलाम करून मगच गन लावत असे.

हे सगळं शंभुलिंगाने हसतखेळत सोसलं असतं. त्याच्या नावावर एकही लाल चौकोन नव्हता आणि त्याला त्याचं थोडं वेडही लागलं होतं. पण हुकूम कधी मुदतीच्या अगदी शेवटी उरकले की सॉफ्टवेअर पुढची तारीख तिथून मोजायचं. अशा तारखा सरकत सरकत, वर्षातून एकदा सगळी कामं एकाच दिवशी करायच्या मोठ्या देखभालीची तारीख नेमकी वेळ अमावस्येवर येऊन बसली.

धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, गावात कुत्रंसुद्धा भेटत नाही. सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची. मग घरच्या कर्त्याने अंबिलीचं मडकं घेऊन उभ्या पिकात शिंपडत फेरा मारायचा, मागून पाहुण्यांनी आरोळ्या देत चालायचं. आणि त्यानंतर शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि अंबील यांच्यावर माणसाने आडवं होईपर्यंत बसायचं. एवढा सोपा सण आहे. पण कर्ता हजर पाहिजे. कर्त्याविना फेरा म्हणजे नवऱ्याविना वरात.

आणि या वर्षी शंभुलिंगाने याच दिवशी पाहुणे बोलावले होते. जवळच्या वाशीचे बियाण्यांचे दुकानदार सोमलिंग आपल्या मुलासाठी, नंदीशसाठी, शंभुलिंगाची मुलगी शिवप्रिया बघायला येणार होते. सोमलिंग जुन्या वळणाचे होते. निरोपात त्यांनी सांगितलं होतं, "पोरगी फोटोत बघितलीय. आता घर बघायचं. घर येळवशीला कळतं." याआधी एका ठिकाणी कर्ता फेऱ्याच्या वेळी फोनवर बोलत होता, तर सोमलिंग उंडा अर्धा टाकून उठले होते. ही बातमी वाशीहून येरमाळ्यापर्यंत बसच्याही आधी पोचली होती.

शंभुलिंग शिवरंजनीकडे गेला.

"ताई, येळवस हाय त्या दिवशी."

"मला माहीत न्हाय का काका? पण सिस्टीमला माहीत न्हाय."

"मग पुढं ढकला की."

"ढकलला तर नारंगी. अन् त्याच दिवशी कंपनीच्या मॅडम ऑनलाइन बघणार हायत. नारंगी दिसलं तर ऑर्डर गेली समजा. न ढकलता तारीख बदलायची असंल, तर एकच वाट हाय. जबाबदार माणसानं विनंती करायची अन् मंजुरी देणाऱ्यानं मंजूर करायची."

शंभुलिंगाचा चेहरा उजळला. दोन्ही पदं त्याचीच होती. त्याने तिथेच उभ्या उभ्या विनंती केली आणि मंजुरी द्यायला बोट उचललं. पडद्यावर उत्तर आलं: स्वतःची विनंती स्वतः मंजूर करता येत नाही. पदं दोन होती, माणूस एक होता, आणि सॉफ्टवेअरला तेवढं बरोबर कळत होतं.

तो शेटकडे गेला. बंडप्पा शेट झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे ते पुणेवालं शेवटी अमावस्येवर आलं म्हण की."

"आलं आप्पा, पण येळवशीवर."

"म्या पैल्यापासून सांगतोय, मशीन अमावस्येलाच उघडायचं. ते आत्ता कुठं वळणावर आलंय, अन् तू त्याला माघारी फिरवतो व्हय?"

येळवशीची देखभाल आजवर आदल्या दिवशीच उरकत असत, हे शेट त्या क्षणी विसरले, आणि मालक विसरला की आठवण करून देणं मिस्त्रीच्या यादीत नसतं.

घरी दैवशाला वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. तिने नवऱ्याकडे न बघताच विचारलं, "मग? जायचंय का फोनाकडं?"

"जावं लागतंय."

"बरं. सोमलिंगआप्पांना काय सांगू? पोरीचा बाप बेअरिंगला तेल लावायला गेलाय?"

"तेल न्हाय, ग्रीस."

"व्हय, तेवढं नीट सांगते. पोरगी तेवढ्यावर उजवंल."

शिवप्रिया चुलीशी बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, फोनालाच विचारा की, पोरगी देऊ का. फोटो सक्तीचा म्हणंल."

वाट काढली ती मुनवरने. मुनवर दर येळवशीला शंभुलिंगाच्या रानात जेवायला असे. भज्जी बुडते म्हटल्यावर त्याचं डोकं नेहमीपेक्षा वेगाने चाललं. तो फोन हातात धरून मिलच्या मागच्या दाराने बाहेर पडला आणि शेटच्या ज्वारीतून चालत राहिला. पडद्यावर 'तुम्ही कामाच्या जागी आहात' असं येत होतं. विहिरीपाशी गेला, तरी कामाच्या जागीच. विहिरीपलीकडच्या बांधावर पाय ठेवल्यावर मात्र फोनने तक्रार केली. मुनवर पळत माघारी आला.

"आप्पा, विहिरीपतोर सगळी मिलच हाय."

"मग?"

"मग कोप इथंच घालायची. शेटच्या रानात. टुंग वाजलं की आत यायचं, गन मारायची, फोटो काढायचा, पुन्हा जेवायला."

शेटचं रान म्हटल्यावर शेटना विचारणं आलं. शेट खूश झाले. त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांची येळवस दोन वर्षं झोपाळ्यावरच होत होती. दैवशालाने आधी नाक मुरडलं, मग स्वतःच्या रानातली पूजा दिराकडे सोपवली आणि मिलवर सांगून पाठवलं की भज्जीची पातेली नीट बसतील एवढी कोप घाला, नाहीतर सॉफ्टवेअरलाच वाढपी नेमा.

येळवशीचा दिवस उजाडला. सोमलिंग आपली बायको, नंदीश, दोन भाऊ आणि कुणाची कोण हे नीट न ठरलेल्या चार बायका घेऊन जीपमधून उतरले. समोर कमरेएवढी ज्वारी, विहीर, आणि पाठीशी मिलची पत्र्याची भिंत. त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "हे रान तुमचंच का पाहुणं?"

शंभुलिंगाला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. तो म्हणाला, "या फोनच्या हिशोबानं आमचंच."

"सातबारा बी फोनवरच असतो आजकाल," सोमलिंग म्हणाले आणि पुढे चालू लागले. त्यांना वाशी, कळंब आणि धाराशिव तालुक्यांतल्या प्रत्येक माणसाचं रान किती ते तोंडपाठ होतं. त्यांनी फक्त पाहुणा काय म्हणतो ते बघितलं होतं.

पूजेआधी टुंग वाजलं: पट्टे. शंभुलिंग 'आलोच' म्हणून गेला आणि आला. पूजेत टुंग वाजलं: नारळ फोडणे. हे मात्र जुळलं. कोपीसमोरचा नारळ फुटत होता, तोच मुनवरने फोटो काढला. त्यात शंभुलिंग, नारळ आणि मागे पटक्यातले सोमलिंग असे तिघं आले. चौकोन हिरवा झाला. सोमलिंगांनी विचारलं, "आमचा बी फोटो लागतो का?" मुनवर म्हणाला, "सक्तीचा हाय, मालक."

तिकडे मिलच्या ऑफिसात शिवरंजनीने कॅमेरा लावला होता. पुण्याच्या मॅडम पडद्यावर बसून मिलचं आतलं दृश्य बघत होत्या. आत बहुतेक वेळ कुणीच नव्हतं. चौकोन मात्र एकामागून एक हिरवे होत होते. मॅडमना ही व्यवस्था फार आवडली.

मग फेऱ्याची वेळ झाली. शंभुलिंगाने अंबिलीचं मडकं काखेला घेतलं, उजव्या हातात ज्वारीचं धाट घेतलं आणि अंबील शिंपडत निघाला. मागे सोमलिंग, त्यांच्या मागे शेट काठी टेकत, त्यांच्या मागे नंदीश आणि बाकीचे, आरोळ्या देत. फेऱ्यात थांबायचं नसतं, मागे वळायचं नसतं. निघालेला कर्ता कोपीपाशीच येऊन थांबतो.

अर्ध्या फेऱ्यात टुंग वाजलं.

खिशात फोन, काखेत मडकं. मुनवरने शेजारून पळत त्याच्या खिशातून फोन ओढून वाचला आणि हळू आवाजात सांगितलं, "एलिव्हेटर. वरचं बेअरिंग. वेळ संपाय आलीय. फोटोत तुमचंच तोंड पायजे."

शंभुलिंग थांबला असता तर फेरा मोडला असता आणि सोमलिंग जीपकडे वळले असते. चालत राहिला असता तर चौकोन लाल झाला असता आणि मॅडम वळल्या असत्या. पुढे ज्वारीची ओळ सरळ बांधाकडे जात होती आणि डावीकडे मिलचं मागचं दार उघडं होतं. शंभुलिंग थांबला नाही आणि मागेही वळला नाही. तो डावीकडे वळला.

फेरा मिलमध्ये शिरला. शंभुलिंग चाळण्यांवर अंबील शिंपडत, रोलरांवर शिंपडत चालला होता आणि मागची वरात आरोळ्या देत येत होती. पत्र्याच्या छताखाली त्या आरोळ्या अशा घुमल्या की पुण्याच्या मॅडमनी आवाज कमी केला. एलिव्हेटरचा लोखंडी जिना आला. शंभुलिंग मडक्यासह चढला. मागून सोमलिंग चढले, कारण पाहुण्याने कर्त्याची पाठ सोडायची नसते. शेट खालीच उभे राहून काठीने ताल देऊ लागले. वर मुनवरने गन लावली, शंभुलिंगाने चालता चालता तोंड फोटोत घातलं, आणि बेअरिंगला ग्रीस आणि अंबील एकदमच मिळालं. दुसऱ्या बाजूच्या जिन्याने सगळे उतरले, मोठ्या मोटरीला वळसा घातला आणि पुढच्या दाराने बाहेर पडून मिलला पूर्ण प्रदक्षिणा घालत कोपीपाशी आले.

सगळ्यांचे चेहरे देवळातल्यासारखे गंभीर होते. एकटा नंदीश हसत होता. जिन्यावर तर त्याला कठडा धरून बसावं लागलं होतं. शिवप्रियाने हे कोपीच्या दारातून पाहिलं आणि आईला म्हणाली, "चालंल मला."

ऑफिसात मॅडमनी विचारलं, "हे काय चाललंय?" शिवरंजनीला पुण्यात दोन वर्षं हेच शिकवलेलं होतं. ती क्षणभरही न अडखळता म्हणाली, "कर्मचारी सहभाग, मॅडम. यंत्रांविषयी कुटुंबांमध्ये आपुलकी निर्माण व्हावी म्हणून." मॅडमनी ते लिहून घेतलं.

कोपीपाशी सोमलिंग धापा टाकत बसले. शंभुलिंग त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. सोमलिंगांनी अंबिलीचा एक पेला रिकामा केला, दुसरा अर्धा केला, मग म्हणाले, "आमच्या आजोबापासून एवढा मोठा फेरा म्या बघितला न्हाय. लोक पिकाला शिंपडून माघारी येतात. हा माणूस पीक जिथं जातं तिथपतोर लक्ष्मीला घेऊन गेला." मग भावाकडे वळून म्हणाले, "घर पसंत हाय."

खरं कारण काय ते शंभुलिंगाने सांगितलं नाही. भज्जी गरम होती.

लग्न माघात झालं. कंपनीची ऑर्डरही मिळाली. मॅडमनी अहवालात त्या दिवसाचं फार कौतुक केलं आणि शेवटी एक सूचना केली: असा उत्तम उपक्रम माणसांच्या आठवणीवर सोडू नये, तो सॉफ्टवेअरमध्ये लावून घ्यावा. शिवरंजनीने लावून घेतला. कोप उभारणे, अंबील, फेरा (जिन्यासह), पाहुणे, सामूहिक जेवण. फोटो सक्तीचा. वारंवारता: दर तीनशे पासष्ट दिवसांनी.

पुढच्या वर्षी अधिक महिना आला. पंचांगातली वेळ अमावस्या त्यामुळे चांगली पुढे सरकली. सॉफ्टवेअरला अधिक महिना ठाऊक नव्हता. त्याची येळवस होती तिथेच राहिली. शंभुलिंगाने वाशीला व्याह्यांना फोन लावला.

"इवाई, या सोमवारी येळवशीला यायचं."

"अहो, येळवस अजून लांब हाय की."

"ती पंचांगाची. ही कंपनीची. दोन्हीला यायचं."

सोमलिंगांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "जिना हाय का?"

"हाय."

ते आले. मुलीच्या सासऱ्याशिवाय फोटो पूर्ण होत नव्हता. कोप झाली, फेरा झाला, जिना झाला. पुढे पंचांगाची येळवस आली. शंभुलिंगाने ती हौसेने आपल्या स्वतःच्या रानात मांडली होती. सोमलिंग तिथेही आले, पण जरा सावकाश. दैवशालाने त्यांच्या ताटात भज्जी वाढली, पुन्हा वाढली, वर उंडा ठेवला. सोमलिंगांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"बास झालं विहीणबाई. परवाचंच अजून हाय पोटात."

"येळवशीला नको म्हणायचं नसतं, आप्पा," दैवशाला म्हणाली आणि हातांच्या फटीतून अंबील ओतली.

सोमलिंगांचा चेहरा लाल होत चालला होता. शेजारी बसलेल्या मुनवरने त्यांच्याकडे निरखून बघितलं, आपला उंडा खाली ठेवला आणि शंभुलिंगाच्या कानाशी वाकला.

"आप्पा, आता थांबवा. हे बी बेअरिंग तापाय लागलंय."